आईच्या बायॉप्सी रिपोर्टात ‘कुप्फर सेल हायपरप्लेशिया’: आता प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

मांडवीकर

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितोय. आई ५९ वर्षांची आहे. मधुमेह जुना, वजन जास्त, दारूचा थेंब कधी तोंडाला लागलेला नाही. दिवाळीनंतर तिचं पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आत बघताना सर्जनना लिव्हर गुळगुळीत दिसायच्या ऐवजी खडबडीत, दाणेदार दिसलं, म्हणून त्यांनी तेव्हाच तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: फॅटी लिव्हरमधून झालेला सिरोसिस, म्हणजे लिव्हर वणांनी भरून कडक झालंय. आम्ही तर पोटात गॅस होतो म्हणून गेलो होतो.

नंतरचे आकडे देतो. फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा) १८.६ किलोपास्कल, प्लेटलेट ९२ हजार, लिव्हरची एन्झाइम एएसटी ६२ आणि एएलटी ४९, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.६. प्लीहा थोडी वाढलेली, पोटात पाणी नाही. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, ऑटोइम्यूनच्या तपासण्याही निगेटिव्ह.

बायॉप्सीच्या रिपोर्टात एक ओळ आहे: ‘कुप्फर सेल हायपरप्लेशिया, पोर्टल भागात मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइटची गर्दी’. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘या लिव्हरमधल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी. सूज त्याच चालू ठेवतात.’ बाहेर रांग लागली होती, पुढे काही विचारता आलं नाही.

आता घरात दोन तट पडलेत. आत्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा पाठवते. तिचं म्हणणं, प्रतिकारशक्ती वाढली की लिव्हर आपोआप सुधारेल. धाकटा भाऊ म्हणतो, याच पेशी नुकसान करतायत तर स्टेरॉइड देऊन त्यांना दाबा. मला दोघांचं अर्धं अर्धं पटतं आणि रात्री झोप येत नाही. शिवाय सोसायटीतले लोक ‘सिरोसिस? मग बाबा घेतात का?’ असं विचारतात, तेही गुजरातेत राहून. आई ते ऐकते आणि गप्प बसते.

या पेशी नक्की करतात काय? आणि सिरोसिस मागे फिरतो का? कोणाला माहीत असेल तर नीट समजावून सांगा.

सयाजीबागवाला

काळजी करू नका. आत्याबाई बरोबर सांगतात. गुळवेल म्हणजे अमृता. माझ्या घरी वेल आहे, कोविडपासून आम्ही सगळे रोज घेतो, कोणाला काही झालं नाही. हवी तर कमाटीबागेत सकाळी भेटा, ताजी देतो.

ताम्हण

मांडवीकर, मी इथल्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवायचे, आता निवृत्त आहे. लिव्हरच्या स्लाइड बघण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे उत्तर लांबणार. त्याआधी एक सांगते: काढा आजच बंद करा. का, ते पुढे येईलच.

आधी ती ओळ. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं साधारण तीन चतुर्थांश रक्त आतडी आणि प्लीहेतून फिरून पोर्टल शिरेने येतं. जेवणातली साखर आणि प्रथिनांचे घटक त्यात असतात, तसे आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडेही असतात. हे रक्त लिव्हरच्या पेशींच्या रांगांमधून, सायन्युसॉइड नावाच्या फार बारीक वाटांनी सावकाश पुढे सरकतं. त्या वाटांच्या आतच, भिंतीला चिकटून, कुप्फर पेशी बसलेल्या असतात. त्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी. अवयवांमध्ये कायम मुक्काम असलेल्या मॅक्रोफेजपैकी ८० ते ९० टक्के एकट्या लिव्हरमध्ये असतात. जिवाणू, त्यांचे तुकडे, म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी, समोर येईल ते त्या गिळतात. आणि निरोगी लिव्हरमध्ये हे सगळं अगदी गुपचूप चालतं. रोज थोडे जिवाणूंचे तुकडे येणारच, त्यावर दर वेळी सूज आली तर माणूस जगणारच नाही. म्हणून या पेशी गिळतात आणि वर सूज शमवणारी रसायनं सोडतात.

साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर त्या चटकन सापडत नाहीत. विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा मलेरियाच्या रुग्णाचं लिव्हर दाखवायचे, कारण तिथे कुप्फर पेशी काळपट तपकिरी रंगद्रव्याने गच्च भरलेल्या असतात, न शिकवताही दिसतात. हिपॅटायटिस होऊन गेलेल्या लिव्हरला पीएएसचा रंग दिला की त्या गडद किरमिजी पुंजक्यांनी उठून येतात. तो मेलेल्या लिव्हर पेशींचा कचरा, यांनी उचललेला. तुमच्या आईच्या रिपोर्टात ‘हायपरप्लेशिया’ आहे म्हणजे या पेशी वाढल्यात, कारण त्यांच्यापुढचं काम वाढलंय. तो वेगळा आजार नाही आणि कॅन्सरशी त्याचा काही संबंध नाही. तेवढी भीती आज मनातून काढून टाका.

मग बिघडलं कुठे? मधुमेह आणि वजनामुळे लिव्हरच्या पेशींत चरबी साठते, आणि साठलेल्या चरबीतले काही घटक विषारी ठरून पेशी फुगतात, मरतात. मरताना त्यांच्यातून जे बाहेर पडतं ते कुप्फर पेशींना धोक्याचा संदेश म्हणून पोचतं. त्याच काळात आतड्याचं अस्तरही सैल झालेलं असतं, त्यामुळे जिवाणूंच्या भिंतीचं एन्डोटॉक्सिन नेहमीपेक्षा जास्त येतं. कुप्फर पेशींच्या अंगावर ते ओळखणारा टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर असतो. दोन्हीकडून डिवचल्यावर त्यांचा शांतपणा सुटतो. त्या टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ सोडतात, त्याने सूज चढते. सीसीएल-२ सोडतात, ते रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना आत बोलावतं. बोनमॅरोतून आलेल्या या मोनोसाइटपासून लिव्हरमध्ये नव्या मॅक्रोफेज बनतात. जुन्या कुप्फर पेशी गर्भात असतानाच लिव्हरमध्ये येऊन राहिलेल्या असतात. नवी मंडळी तशी मुरलेली नसतात, जास्त आक्रमक असतात. रिपोर्टातली ‘पोर्टल भागातली मॅक्रोफेजची गर्दी’ बहुतेक त्यांचीच.

आणि खरा घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. सायन्युसॉइडची भिंत आणि लिव्हर पेशी यांच्यामध्ये जी चिंचोळी फट असते, तिच्यात स्टेलेट पेशी असतात. शरीरातलं बहुतेक सगळं अ जीवनसत्त्व या पेशी चरबीच्या थेंबांत साठवून ठेवतात. ताज्या लिव्हरचा काप अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात धरला तर त्या थेंबांची निळसर-हिरवी चमक दिसते आणि बघता बघता विझते. मॅक्रोफेजकडून टीजीएफ-बीटा नावाचं रसायन मिळालं की याच पेशी आपला अ जीवनसत्त्वाचा साठा सोडून देतात, लांबट, आकसणाऱ्या होतात आणि कोलॅजेन नावाचं दोऱ्यासारखं प्रथिन विणायला लागतात. लिव्हरमधला वण म्हणजे हे कोलॅजेन.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ साली सोन्याच्या क्षाराने लिव्हरचे काप रंगवले आणि ताऱ्यासारख्या पेशी पाहिल्या. पुढे १८९८ साली त्यांनी सांगितलं की याच पेशी बाहेरचे कण गिळतात. कण गिळणाऱ्या पेशी आणि सोन्याने रंगणाऱ्या पेशी वेगवेगळ्या आहेत, हे जपानचे केंजिरो वाके यांनी १९७१ साली सिद्ध केलं. कुप्फर यांनी आधी पाहिल्या होत्या त्या स्टेलेट पेशी! म्हणजे ज्या दोन पेशींच्या संगनमताने सिरोसिस होतो, त्याच दोन पेशींची विज्ञानात जवळजवळ शंभर वर्षं गल्लत होत होती.

आता तुमच्या भावाचा प्रश्न, दाबून टाकायच्या का? यावर २००५ साली एडिनबर्गच्या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे विष देऊन त्यांच्या लिव्हरमध्ये वण तयार केले. एका गटात इजा चालू असतानाच मॅक्रोफेज नष्ट केल्या. वण कमी झाले. दुसऱ्या गटात विष थांबवून लिव्हर भरून यायला लागल्यावर मॅक्रोफेज नष्ट केल्या. तिथे वण साफ व्हायचे थांबले. वण घडवण्यात ज्यांचा हात, तो पुसायलाही त्याच लागतात. इजा थांबली की याच मॅक्रोफेज मेलेल्या पेशी गिळता गिळता आपला स्वभाव बदलतात आणि कोलॅजेन तोडणारी एन्झाइम तयार करतात. पेटलेल्या स्टेलेट पेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा शांत होतात. लिव्हरमधल्या नॅचरल किलर पेशी त्यांना मारायला मदत करतात.

म्हणूनच नुसतं दाबायचे प्रयत्न फसलेत. मोनोसाइटना लिव्हरमध्ये येऊ न देणारं सेनिक्रिव्हिरॉक नावाचं औषध होतं. कागदावर फार सुंदर कल्पना होती. शेवटच्या टप्प्यातली मोठी चाचणी २०२१ साली थांबवावी लागली, कारण फायदा दिसेना. एडिनबर्गमध्येच उलट्या दिशेनेही काम चाललंय: रुग्णाच्याच रक्तातले मोनोसाइट काढून प्रयोगशाळेत त्यांच्या मॅक्रोफेज वाढवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या. सिरोसिसच्या ९ रुग्णांवरची पहिली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, त्यात ते सुरक्षित ठरलं. अजून तो प्रयोगच आहे, उपचार नाही.

स्टेरॉइड कुठे चालतात? ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये. तिथे टी लिम्फोसाइट लिव्हरच्या पेशींवर थेट चालून जातात, आणि प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिनने लिव्हर वाचतं. तुमच्या आईच्या त्या तपासण्या निगेटिव्ह आहेत. तिला स्टेरॉइड दिलं तर साखर वाढेल, चरबी वाढेल, जंतुसंसर्गाचा धोका वाढेल. भावाची तळमळ मला कळते, पण हे औषध तिच्या आजाराचं नाही.

आता गुळवेल. सयाजीबागवाले, राग मानू नका, तुम्ही चांगल्या भावनेनेच सांगताय. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेले ६ रुग्ण पाहिले आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वेल दुसरीच असेल. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही बहुतेकांचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखंच होतं. प्रतिकारशक्ती चेतवणारी वस्तू काही जणांत ती लिव्हरवरच सोडते, असा त्याचा सरळ अर्थ मी घेते. दहा जणांना काही होत नाही हे खरं असेल. पण ज्या लिव्हरकडे राखीव ताकद उरलेली नाही, त्याच्यावर मी ही परीक्षा घेऊ देणार नाही. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या अज्ञात गोळ्या-चूर्णांनाही तेच लागू.

आणि आत्याबाईंचं एक मात्र खरं आहे. सिरोसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी होते. वणांमुळे रक्ताला लिव्हरमधून वाट मिळत नाही, मग ते आडवाटांनी लिव्हर टाळून पुढे जातं. कुप्फर पेशींच्या हाती न लागता जिवाणू थेट शरीरात फिरतात. अंगात सूज जास्त आणि जंतूंशी लढायची ताकद कमी, अशी दुहेरी अडचण. त्यावर उपाय काढ्यात नाही. हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू, न्यूमोकोकस यांच्या लसी डॉक्टरांना विचारून घ्या. ताप आला, पोट दुखायला लागलं, विसरभोळेपणा किंवा गोंधळ दिसला, काळी शी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. अंगदुखीवर दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणायचं नाही, किडनीला झेपत नाही.

शेवटी, मागे फिरतो का? हिपॅटायटिस बी च्या रुग्णांवरचं उदाहरण देते, कारण तिथे आधी आणि नंतर अशा दोन्ही बायॉप्सी आहेत. टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध ५ वर्षं दिल्यावर, सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ पैकी ७१ जणांच्या दुसऱ्या बायॉप्सीत सिरोसिस उरला नव्हता. हे २०१३ साली छापून आलं आणि आमच्या पिढीच्या पॅथॉलॉजिस्टना ते पचायला वेळ लागला. आम्ही ‘सिरोसिस म्हणजे कायमचा’ असं शिकलो होतो. मॅसन ट्रायक्रोम या रंगात कोलॅजेन निळं आणि लिव्हर पेशी लाल दिसतात. सिरोसिसच्या स्लाइडवर निळे जाड पट्टे लाल गोळ्यांना सगळीकडून आवळून असतात. सुधारलेल्या लिव्हरमध्ये तेच पट्टे बारीक, मध्येच तुटलेले, कुठे नुसता निळा धागा शिल्लक. हे मी स्वतः पाहिलंय.

पण तिथे विषाणू थांबला होता. रोज खपली काढली तर जखम भरत नाही, तसं कारण चालू ठेवून लिव्हरकडून दुरुस्तीची अपेक्षा करता येत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत कारण म्हणजे साखर, वजन आणि चरबी. तिथे सगळा जोर लावा. अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरोम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड या औषधांना फॅटी लिव्हरच्या सूज-वणांसाठी मान्यता मिळाली, पण ती सिरोसिसच्या आधीच्या टप्प्यासाठी. आईला काय चालेल ते लिव्हरचे डॉक्टर ठरवतील. त्यांना हे दोन नक्की विचारा: अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एन्डोस्कोपी कधी करायची (प्लेटलेट ९२ हजार आणि प्लीहा मोठी आहे म्हणजे पोर्टल शिरेत दाब वाढलाय), आणि दर ६ महिन्यांनी कॅन्सरसाठी सोनोग्राफी.

सोसायटीतल्या लोकांना सांगा की हा आजार दारूशिवायही होतो, आणि मधुमेही घरांत तर रोज होतोय. आईला हे तुम्ही तिच्यासमोर, मोठ्याने म्हणा.

कोठीकर

ताम्हणताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी फक्त स्वयंपाकघरातलं सांगते. माझ्या सासूबाईंना हाच आजार, त्यांचं सगळं मीच बघते.

वजन कमी करायचं म्हणून आईला उपाशी ठेवू नका. आमच्या सासूबाई संकष्टी, एकादशी, गुरुवार सगळं कडक करायच्या. लिव्हरच्या डॉक्टरांनी ते आधी सोडायला लावलं. सिरोसिसमध्ये लिव्हरात साखरेचा साठा फार राहत नाही, रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायू मोडून खातं, असं त्यांनी समजावलं. आता त्या झोपायच्या आधी थोडं खातात: एक खाखरा आणि वाटीभर दही, किंवा मूगडाळीचं धिरडं. डाळ, पनीर, अंडी बंद करायला सांगणारे नातेवाईक भेटतील. ऐकू नका. प्रथिनं लागतात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम असा हिशोब आम्हाला दिला होता. बंद करायचं ते रविवारचा सेव-उसळीचा तर्रीवाला डबा, फाफडा-जिलबी, लीलो चिवडा, आणि चहातली साखर. पुढे कधी पोटात पाणी झालं तर मीठही मोजावं लागतं, तेव्हा पापड-लोणच्याची सवय आत्ताच कमी केलेली बरी.

सासूबाईंचा देवावरचा राग जायला वेळ लागला. उपास सुटला म्हणजे नेम मोडला असं त्यांना वाटे. शेवटी आमच्या भटजींनीच सांगितलं की आजाऱ्याला उपास नाही. ते काम कोणाच्याही रिपोर्टने झालं नसतं.

सयाजीबागवाला

मॅडम, राग कसला. मला हे माहीत नव्हतं. माझ्या मेहुण्याला फॅटी लिव्हर आहे आणि त्यालाही मीच वेल देतो. आज फोन करतो. आम्ही बाकीचे घेतो ते चालेल का?

ताम्हण

मेहुण्यांना आधी थांबवा आणि एकदा लिव्हरच्या तपासण्या करून घ्यायला सांगा. बाकीच्यांनीही रोज, वर्षानुवर्षं घ्यायचं कारण मला दिसत नाही. ज्यांना थायरॉइड किंवा दुसरा ऑटोइम्यून आजार आहे त्यांनी तर नकोच.

मांडवीकर

मॅडम, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं, पूर्ण. मलेरियाच्या स्लाइडपाशी तिने थांबवलं आणि परत वाचायला लावलं. कोठीकरताई, संकष्टीचा विषय निघाल्यावर ती जरा हटून बसलीये, पण रात्री दही-खाखरा खाल्ला. आत्याला मीच फोन केला. ती आधी दुखावली, मग म्हणाली, ‘मग मी काय करू ते सांग.’ तिला मूगडाळीच्या धिरड्यांचं काम दिलंय.

एन्डोस्कोपीची वेळ घेतली. अजून एक विचारायचं होतं. मी ३६ वर्षांचा, पोट सुटलंय. हे पाहून घाबरून स्वतःच्या तपासण्या केल्या: एएसटी ४०, एएलटी ६४, प्लेटलेट २ लाख ४० हजार. मलाही होणार का?

ताम्हण

तपासणी केलीत हे फार बरं केलं. सिरोसिसपर्यंत गेलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णाच्या मुलांना आणि भावंडांना हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. भावालाही करायला लावा.

फिब-४ नावाचा एक हिशोब कागदावर करता येतो. वय गुणिले एएसटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीच्या वर्गमुळाने. तुमचं: ३६ गुणिले ४० म्हणजे १४४०. ६४ चं वर्गमूळ ८, २४० गुणिले ८ म्हणजे १९२०. उत्तर ०.७५. हे १.३ च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. आईचं याच रीतीने ५.७ च्या आसपास येतं, आणि २.६७ च्या वर गेलं की काळजीचं मानतात. तिच्या एएलटीकडे बघा, फक्त ४९, तुमच्यापेक्षा कमी. एकट्या एएलटीवर विसंबून किती सिरोसिस सुटतात ते यावरून लक्षात येईल.

पण तुमचं ६४ हे नॉर्मल नाही. म्हणजे बहुतेक चरबी आहे आणि तुमच्या कुप्फर पेशींना आत्ताच त्रास व्हायला लागला असावा. वजन ७ ते १० टक्के कमी केलंत तर या टप्प्यावर सूज बहुतेक उतरते. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, सोनोग्राफी करा, आणि वर्षभराने हेच आकडे पुन्हा काढा. एन्डोस्कोपीचा रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघेन.